किल्लीवाल्याची बाजू

बालझानला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. कझाकस्तानात कारागंडाजवळच्या एका कोळशाच्या गावात, चार मजली इमारतीच्या तळघरात तिचा कॉम्प्युटर क्लब होता. पण तिचं राज्य पडद्यांवर नव्हतं, मागच्या चुलीवर होतं. नवरा गेल्यावर शाळेतली स्वयंपाकिणीची नोकरी सोडून तिने हा उद्योग थाटला, तोही मुलाच्या, डाउलेनच्या हट्टापायी. क्लब चालतो तो माझ्या दुधाच्या चहावर आणि गरम तळलेल्या पिठाच्या गोळ्यांवर, बाउरसाकवर, कॉम्प्युटर नुसते शोभेला आहेत, असं ती सांगायची. त्यात बरंच तथ्य होतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी ‘राखेचं खोरं’ या खेळाचा पाचवा भाग यायचा होता आणि क्लबात एकाच माणसाची चर्चा होती, किल्लीवाल्याची. चारही भागांत हा बाबा एक अक्षर बोलत नाही. हातात कंदील, कमरेला किल्ल्या. शेवटी येतो, दार लावतो, निघून जातो. दुसऱ्या भागात तर त्याने अख्खा गाव दाराआड कोंडला. का, ते खेळ बनवणाऱ्यांनी सांगितलं नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी आपापली उत्तरं बनवली. कुणी म्हणे तो शत्रूला फितूर आहे, कुणी म्हणे नायकाचा हरवलेला बाप आहे. बस चालवणारा सांझार तर शपथेवर सांगायचा की दार लागल्यावर कान देऊन ऐका, आतून ठोठावल्याचा आवाज येतो. म्हणजे माणसं जिवंत होती आणि किल्लीवाला खुनी आहे.

डाउलेनला हे मुळीच पटत नसे. तो स्वतः खाणीत कामाला. आत आग लागली होती, तो म्हणायचा. आगीला हवा मिळाली तर सगळंच जातं, म्हणून दार लावतात. आतली माणसं आधीच गेलेली होती. आणि ठोठावणं वगैरे काही नाही, पाणी ठिबकतंय.

“तू त्याचं वकीलपत्र घेतलंयस का रे?” सांझारने एकदा विचारलं.

“तू जग बघतोस बसच्या काचेतून,” डाउलेन म्हणाला. “तुला काय कळणार खालचं?”

मग सगळे तुलेगेनआगांकडे वळायचे. हा म्हातारा खाणीच्या बचाव पथकातून निवृत्त झालेला, समोरच्याच जिन्यावरच्या घरात राहणारा. खेळाला नावं ठेवत रोज चहाला हजर. किल्लीवाला भेकड आहे, असा त्यांचा एकच निकाल होता. आत कोणी जिवंत नाही याची खात्री केल्याशिवाय नोकरीभर आपण खाणीतलं एकही दार लावू दिलं नाही, हे ते दर वेळी ऐकवायचे आणि पोरं मागे डोळे मिचकावायची. पण म्हातारा खोटं बोलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांच्या बायकोच्या मते तर तोच त्यांचा रोग होता.

खेळ यायच्या आदल्या दिवशी डाउलेन सकाळच्या पाळीला गेला आणि थोड्याच वेळात खाणीचा धोक्याचा भोंगा झाला.

आया येऊन आपापल्या पोरांना घेऊन गेल्या. कोणी बालझानच्या नजरेला नजर देईना. सांझारची बस खाणीकडे बोलावून घेतली. डाउलेनचा फोन लागत नव्हता, खाणीचाही लागत नव्हता. वर अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला म्हणून ती धावत गेली, तर खाणीची माणसं तुलेगेनआगांना न्यायला आली होती. जुन्या भागातल्या वाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक नव्हत्या. म्हातारा बूट चढवत गाडीत बसला आणि तिला धीर आला. तुलेगेनआगा खाली आहेत म्हटल्यावर कोणी घाईने काही करणार नाही.

ती परत आली आणि गिऱ्हाईक नसताना पीठ मळत बसली. पडदे चालूच राहिले होते.  

दुपार कलल्यावर जिन्यावर पावलं वाजली. तिघे जण होते. दोघे खाणीतले, अनोळखी. पुढे तुलेगेनआगा, टोपी हातात घेतलेले.

मृत्यूची बातमी बालझानच्या माणसांत कोणी सरळ सांगत नसे. वडीलधारा माणूस येतो, भलत्याच कोणाची तरी गोष्ट काढतो, आणि शेवटचं वाक्य ऐकणाऱ्यानेच बोलायचं असतं. नवरा गेला तेव्हा असेच तिघे आले होते आणि बर्फात वाट चुकलेल्या घोड्याबद्दल बोलत राहिले होते. म्हणून तिने ठरवलं की आज यांना तोंडच उघडू द्यायचं नाही.

“बसा, चहा टाकते,” ती म्हणाली.

कोणी बसलं नाही.

“बालझान,” तुलेगेनआगा म्हणाले, “मी त्या किल्लीवाल्याचा विचार केला. डाउलेनचं म्हणणं बरोबर आहे गं.”

तिला सगळं कळलं. तरी ती ते वाक्य बोलेना. त्या क्षणी तिला म्हाताऱ्याचा असा राग आला, की हातातलं पीठ तिने परातीत आपटलं.

“तुम्ही तर त्याला भेकड म्हणायचात, आगा.”

“म्हणायचो.”

“आत आग होती?”

“होती. फार होती. वर येणारी दुसरी माणसं वाटेत होती. ती वाचली.”

“दार कोणी लावायला सांगितलं?”

खाणीतल्या दोघांपैकी एकाने घसा खाकरला, पण म्हाताऱ्याने त्याला हाताने थांबवलं.

“मी.”

बालझान त्यांच्याजवळ गेली. आयुष्यात कधी त्या खेळात न शिरलेली ती बाई आता एकेक शब्द मोजून विचारत होती.

“दार लागल्यावर आतून आवाज आला?”

 एवढं एक खोटं म्हातारा बोलला असता, तर ती जन्मभर त्याचं नाव घेऊन दुवा देत राहिली असती.

“आला,” ते म्हणाले. “मी पथकातल्या पोरांना सांगितलं, पाणी ठिबकतंय.”

“मग माझ्या डाउलेनचं म्हणणं चूक होतं,” बालझान म्हणाली.

हे काही ते शेवटचं वाक्य नव्हतं. पण ती दुसरं काही बोलली नाही आणि तिघे तसेच उभे राहिले.