तांडेलकाकांची थुंकी

तांडेलकाका थुंकायचे. तंबाखू नाही, पान नाही, नुसती कोरडी थू. गोलंदाजाने वाईड टाकला, थू. सोपा झेल सुटला, मान वळवून थू. षटकार मारला तरी थू, कारण आमच्याकडे चेंडू दर्यात गेला की फलंदाज बाद. "नारळ पाडायला आलाय मेला! चेंडू कोन आनील, तुझा सासरा?" पाहुण्या संघांना शिसारी यायची. आम्हाला मात्र इतकी सवय झाली होती की बिनथुंकीचा गेलेला चेंडू चांगला पडला असं आम्ही धरून चालायचो. वीस-बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली खेळलो, शेवटची काही वर्षं कप्तान होतो, पण "बरा टाकलास" हे दोन शब्द कधी कानावर आले नाहीत.

होडीवर ते तांडेल, म्हणजे कर्ता माणूस, आणि किनाऱ्यावर आमच्या कोळीवाडा-मोहल्ला इलेव्हनचे सर्वेसर्वा. हा संघ जन्माला आला तो भांगामुळे. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, जाळ्यात काही येत नाही, होड्या खाडीत बांधून पडतात. त्या दिवसांना आम्ही भांग म्हणतो. ओहोटीही नेमकी तेव्हा भर दुपारची, आणि रेवदंड्याची वाळू ताटासारखी सपाट, टणक. रिकामे कोळी पत्ते कुटून भांडत बसायचे, म्हणून काकांनी मोडक्या वल्ह्याचे तीन तुकडे केले, स्टंप म्हणून रोवले आणि शेजारच्या मोहल्ल्याला हाक मारली. रविवार-बिविवार आम्हाला ठाऊक नव्हता. सामना अष्टमीला. आमचा यष्टिरक्षक अन्वर दुबईत नोकरीला लागला, तरी सुट्टी टाकण्याआधी काकांना फोन करायचा, "काका, पुढचा भांग कवा हाय? साहेबाला तारीख द्यायचीय."

संघाचा इतिहास विचाराल तर हरण्याचाच. पार म्हसळ्यापर्यंत जाऊन हरून आलो. दिवेआगरला एकदा जिंकलो, बक्षीस म्हणून कोंबडा मिळाला. परतीच्या टेम्पोत काका त्याला मांडीवर घेऊन बसले आणि वाटभर समजावत आले, "यांनी जिंकला म्हनून फुगू नको बाबा. समोरचे आंधले होते."

मग प्रीमियर लीग आली. नाव घेतलं तरी तोंड कडू होतं. नारळाच्या वाड्या विकत घेत सुटलेला कुणी एक शेठ होता, त्याला किनाऱ्यावर आपला फोटो हवा होता. मंगल कार्यालयात खेळाडूंचा लिलाव ठेवला. छातीवर नंबर लावून आम्ही खुर्च्यांवर ओळीने बसलो, दात काढत. पहिल्या खुर्चीवर मी. सुट्टीवर आलेल्या अन्वरला एका मालकाने घेतलं, मला शेठने, आणि टाळ्यांच्या कडकडाटात आमचा संघ मोडला तो कुणाच्या लक्षातही आला नाही. काका दारात उभे होते. म्हणाले, "मासलीचा लिलाव मेल्यावर करतात रे. तुमी जित्तेपनीच टोपलीत बसलात." आणि उंबऱ्यावर थुंकून निघून गेले.

अंतिम सामना रविवारी ठरला. तिथी कोण बघतो? पौर्णिमा होती. काका न बोलावता लीगच्या सभेला आले. "पुनवेला बारा वाजता दर्या पिचवर येनार. आनि भांगात घ्या, सगली मानसं घरी असतात." शेठ हसला. "काका, भराव टाकतो ना. दर्याला सांगा, वळसा घालून जा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अरे, कोळ्याचं पोर मी! पुनवेचं पाणी कुठवर चढतं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण पायात शेठने दिलेले नवे कोरे बूट होते. मी त्या बुटांकडे बघत म्हणालो, "बघू की, काका. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

एक दिवसाचा! ट्रकांवर ट्रक आले. मुरूम, खडी, कुठल्याशा पाडलेल्या इमारतीच्या विटा, फरशा, काचा, सगळं आमच्या वाळूवर ओतलं आणि वर मॅट अंथरली. सामन्याच्या दिवशी बरोबर बाराला पाणी आलं. मॅट तरंगली, पाहुण्यांचा सोफा तरंगला, बिर्याणीचे डबे लाटांवर नाचले. लोक पोट धरून हसले. लाज सांगतो, मीही हसलो. शेठ दुसऱ्या किनाऱ्याला गेला. भराव उचलायला कुणी आलं नाही. लाटांनी तो पसरवून सगळ्या वाळूत कालवला, आणि वर बाटल्या, प्लॅस्टिक, सडलेला भात.

पुढच्या अष्टमीला काका आले, काखेत वल्ह्याचे स्टंप. अन्वर सुट्टीवर होता, तोही आला. मी अनवाणीच धावत गेलो. काकांनी स्टंप रोवून पाहिला. खट्. चार पावलं पुढे, खट्. मोहल्ल्याच्या बाजूला गेले, तिथेही खट्. अन्वरने चेंडू टाकून पाहिला, तो विटेवर आपटून त्याच्याच तोंडावर आला. काकांनी कंबर सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड पुढे केलं होतं. शप्पथ सांगतो, ती थुंकी मला हवी होती. तोंडावर बसली असती तर बरं वाटलं असतं.

काका थुंकले नाहीत. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "काचा हायत. चप्पल घालून येत जा." स्टंप काखेत मारले आणि घरी गेले.

संघ पुन्हा उतरला नाही. अन्वर आता सुट्टी ईदेला टाकतो. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. काकीने ते तिन्ही स्टंप बोंबील सुकवायच्या मांडवाला टेकू म्हणून लावलेत. लीग मात्र जोरात चालू आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या वाळूवर. तिची पोस्टरं दिसली की थुंकावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडाने थुंकू?

दर अष्टमीला दुपारी, ओहोटी लागली की मी तिथे जाऊन उभा राहतो. चप्पल घालून.