मी उठले की बंद पडणारा कॉम्प्युटर

तिसऱ्या मिनिटाला व्हिडिओ पुन्हा बंद पडला आणि श्रीनिवासशेठ माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही प्लग मीच काढला. दुपारचे अडीच वाजले होते. चारला कार्यक्रम.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला शेठचा हा टॉवेलचा कारखाना माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं जुनं गिऱ्हाईक. तिथले जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे, सिद्राममामा त्या दिवशी रिटायर होत होते. कामगारांनी त्यांच्यासाठी गुपचूप बारा मिनिटांचा व्हिडिओ केला होता. सुरत-भिवंडीला गेलेल्या जुन्या पोरांनीही मोबाइलवर बोलून पाठवलं होतं. साडेपाचच्या एसटीने मामा कायमचे गावी निघणार होते. दाखवायचा तर आजच.

माझा लॅपटॉप आणते म्हटलं, तर शेठ ऐकेनात. चौदा वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर मामांनीच मोटरसायकलवर मांडीत धरून आणला होता.

"मामांचा व्हिडिओ मामांच्याच कॉम्प्युटरवर. जमत न्हाई तर न्हाई म्हणा की सरळ."

झालं, मला चेव आला.

मोबाइलचा व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. तो उलगडायचं काम प्रोसेसरला करावं लागतं. प्रोसेसर जुना असला की तापतो, आणि फार तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. म्हणून मी आधी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. कापडाच्या कारखान्यात आतल्या पंख्यावर इतकं तूस साचतं, की वर्षभराच्या वाती वळाव्यात. इथे मात्र आत लख्ख होतं. पंखाही नीट फिरत होता. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट बदलली, व्हिडिओचा हलका प्लेयर टाकला आणि समोर बसून बाराच्या बारा मिनिटं बघितला. अडखळलासुद्धा नाही.

मग खरी तालीम घेतली. टीव्ही शेजारच्या हॉलमध्ये होता, लांब वायरने जोडलेला. मामा सारखे ऑफिसवरून जात-येत होते. त्यांना काही दिसू नये म्हणून ऑफिसातला मॉनिटर आणि आवाज बंद ठेवायचं ठरलं होतं. व्हिडिओ सुरू करून मी हॉलमध्ये गेले. तिसऱ्या मिनिटाला अंधार.

म्हणजे मी बसले की चालतो, मी उठले की बंद.

"तुमाला भिऊन चालतंय ते, मॅडम," शेठ म्हणाले. सगळे हसले. मला हसू येईना, सव्वातीन झाले होते.

पुन्हा सुरू केला आणि या वेळी ऑफिसच्या दारामागे उभी राहिले. मिनिटाभरात मामा आत आले. काळा मॉनिटर बघितला. खुर्चीवरचा जाडजूड टॉवेल उचलला, टेबलाखालच्या कॅबिनेटवर पांघरला आणि बाजूंनी नीट खोचला.

तो टॉवेल दुपारपासून तीनदा मीच काढून खुर्चीवर फेकला होता. टॉवेलच्या कारखान्यात टॉवेल कुणाच्या डोळ्यांत भरणार?

"मामा, हे काय करताय?"

"झाकतोय की. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, बंद केलं की झाकून ठिवा, तूस जातंय म्हणून. चौदा वर्सं झाली, एक दिस चुकवला न्हाई."

मी सांगितलं होतं खरं. मशीन बसवताना, चहा पिता पिता. मी दुसऱ्या दिवशी विसरलेही होते. पण आत व्हिडिओ चालू आहे, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

"आज राहू द्या उघडा," म्हटलं. "आज त्यालाही सुट्टी."

चार वाजता मी कॅबिनेटशेजारी राखणीला बसले. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. हॉलमधून शिट्ट्या ऐकू येत होत्या. मामांपेक्षा शेठच जास्त रडले, असं नंतर कळलं.

कॉम्प्युटर बंद करत होते, तेवढ्यात मामा हार गळ्यात घालूनच आत आले. डोळे लाल, चेहरा खुललेला. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. टॉवेल हातात घेऊन थांबले.

"मॅडम, आता झाकू का?"

"झाका, मामा."

त्यांनी झाकला, बाजू खोचल्या आणि एसटी गाठायला निघाले.

तेव्हापासून कुठेही गेले, की मशीन उघडण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारते, मागच्या वेळी मी काय सांगून गेले होते? बरेचसे बिघाड तिथेच सापडतात.