नाताळच्या बाजारातला उपवास

आमच्या मुलानं लग्न ठरवलं ते सांगलीच्या एका ख्रिस्ती मुलीशी. घरात महिनाभर धुसफूस झाली, मग नवरा म्हणाला, निदान माणसं तरी बघून येऊ. मुलीची आई दर वर्षी चर्चच्या आवारातल्या नाताळच्या बाजारात फराळ विकायला बसते, तिथंच भेटायचं ठरलं. असल्या बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदाच चालले होते. इस्लामपुरातून निघताना चांगली हिरवी इरकल नेसले, जणू बघायचा कार्यक्रम माझाच होता.

आवारात कागदी चांदण्या टांगल्या होत्या, मातीची मेंढरं नि उंट विकायला मांडले होते, केकचा वास सुटला होता. पण मुलीच्या आईच्या टेबलावर बघते तो करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. दिवाळीत आमच्याकडं असतं तेच सगळं. करंज्या माझ्यापेक्षा सुबक होत्या, हेही सांगून टाकते.

तिनं फराळ नि केक वाढून दोन बशा भरल्या. नवऱ्याचं आयुष्य फौजेत गेलेलं, कुणाच्याही हातचं खायची सवय; त्यानं उभ्या उभ्याच केक संपवला. मुलगी माझ्यापुढं बशी धरून उभी राहिली. माझा हात काही उचलेना. कुणाच्या हातचं खायचं नि कुणाच्या नाही, हे मला माहेरी-सासरी कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं, तरी हात बरोबर शिकला होता. तोंड तर त्याहून तयार. "आज माझा उपवास आहे," मी म्हणाले.

शनिवार होता. मी मार्गशीर्षातले गुरुवार करते, शनिवार कधीच नाही. सकाळीच आम्ही दोघांनी मिसळ चापली होती. नवऱ्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि आपल्या बशीतली चकली उचलली, ते जास्त लागलं.

उपवास कसला, हे मुलीच्या आईनं विचारलं नाही. टेबलाखालच्या पिशवीतून एक केळं काढून तिनं माझ्यापुढं ठेवलं.

"हे चालंल, ताई. साल हाय, आत आमचा हात लागत न्हाई. तुमच्यासारखी माणसं येत्यात, म्हणून ठेवते मी."

रागानं म्हणाली असती तर मीही भांडले असते. भांडणात मी काही कमी नाही. पण चकलीचा भाव सांगावा तशी ती सांगत होती. त्या इरकलीसकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मुलगी खाली मान घालून उभी होती. हीच पोर उद्या माझ्या स्वयंपाकघरात वावरणार, आणि तिच्यादेखत तिच्या आईला मी हे बोलायला लावलं होतं.

"माझा उपवास नाही," मी म्हणाले आणि करंजीकडं हात नेला.

तिनं मुलीच्या हातातली बशी हळूच काढून घेतली.

"ठाऊक हाय मला. आज नगं. घरी याल तवा पंगतीला बसून खावा."

मी येईन म्हणाले. कधी या, ते तिनं सांगितलं नाही.