लेण्याद्रीच्या पायरीवर बसून राहिले तेव्हा

देवाला मी कधी टाकलं नव्हतं, पण देवानंच मला टाकलं असावं, असं वाटायचे दिवस माझ्यावर आले होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी वारूळवाडीत घरीच बायकांचे कपडे शिवायचे आणि आमचे हे टेम्पोनं टोमॅटो वाशीच्या मार्केटला न्यायचे. एकदा पुण्याहून कापड घेऊन एसटीनं परत येत होते. खेडच्या घाटात गाडी चढायला लागली आणि काही कारण नसताना माझ्या छातीत धडधडायला लागलं. हाताला मुंग्या आल्या, घाम फुटला, श्वास पुरेना. डोक्यात एकच, आता आपण मेलो. कंडक्टरनं गाडी थांबवली, कुणी पाणी दिलं, कुणी कांदा हुंगवला. थोड्या वेळात ते ओसरलं, पण गाडीत बसलेली मी आणि नारायणगावात उतरलेली मी, या दोन वेगळ्या बायका होत्या.

त्यानंतर ते पुन्हा पुन्हा येत राहिलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. "हृदय ठणठणीत आहे, उगाच विचार करू नका," म्हणाले. विचार मी कुठं करत होते? ते तर भाजी निवडताना, मशीन चालवताना अचानक अंगावर यायचं. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं काय तरी लागलंय हिला. त्याशिवाय असं व्हतं का?" अंगारे झाले, उतारे झाले. मी आधी एसटी सोडली, मग बाजार सोडला, मग गल्लीच्या टोकाच्या देवळात जाणंही सोडलं. संकष्टीचा उपास तेवढा घरात बसून करायचे. चंद्राला ओवाळताना गणपतीला विचारायचे, बाबा रे, माझं नक्की चुकलं तरी काय? उत्तर यायचं नाही. हळूहळू विचारायचंही मन होईना. जेवण गोड लागेना, सकाळी उठावंसं वाटेना. धडधाकट दिसणारी बाई घरात बसून आतून विझत चालली होती, आणि ते कुणाला सांगावं तर सांगायला शब्द नव्हता.

अशी काही वर्षं गेली. आमची एकुलती एक सुनीता अवसरी खुर्दला दिली होती. तिला दिवस गेले, पण तब्येत नाजूक. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही, प्रवास तर मुळीच नाही, असं सांगितलं. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी होणार नव्हतं, मलाच तिच्याकडं जायला हवं होतं. शेजारच्या एसटीडी बूथवर तिचा फोन आला. "आई, तू ये ना गं. मला लई भीती वाटते." मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवून तिथल्याच बाकड्यावर रडत बसले. अवसरी काही परमुलूख नव्हता, मंचरच्या पुढं थोडंसं. पण मला ते काशीहून लांब होतं.

यांनी माझी अवस्था पाहिली. म्हणाले, "एसटीनं नको. आपल्या टेम्पोनं लेण्याद्रीला जाऊ, पोरीसाठी गिरिजात्मजापुढं डोकं टेकवू. तू म्हणशील तिथं गाडी थांबवीन." लेकीसाठी म्हणून मी निघाले. जुन्नर मागं टाकून डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत यांनी खरंच तीनचारदा गाडी थांबवली.

पायऱ्या चढायला लागलो. चढणीनं कुणाचीही धडधड वाढते, पण माझी वाढली तशी ती ओळखीची भीती वर आली. निम्म्या वाटेत मला पुढची पायरी चढवेना. मी पायरीवर बसले. डोळ्यांपुढं खालची शेतं गरगरायला लागली. "हितंच बस, पाणी घेऊन आलोच," म्हणत हे खाली पळाले. मी एकटी उरले. लोक येत होते, बघत होते, पुढं जात होते. देवाच्या दारात, देव न बघता मरायचं, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या एक बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांच्याबरोबरचे लोक थांबले तेव्हा त्या त्यांना म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, चैत्यात थांबा. येते मी. जयभीम." मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता पाणी शिंपडतील, हात धरतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. शांतपणे विचारलं, "हाताला मुंग्या आल्यात का ताई? आणि आत्ता जीव जाणार असं वाटतंय?"

मी चमकून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला व्हायचं ना. शाळेत शिकवताना व्हायचं. खडू हातातून पडायचा. वाटायचं, पोरांसमोरच मरते मी." त्या हसल्या. "मेले नाही."

"मला उठवा. मला खाली न्या."

"नेते की. पण आधी थोडं बसू. पळालं की ते मागं लागतं. त्याला येऊ द्या. वर चढंल, लई चढंल, आणि मग आपोआप उतरंल. त्याच्याशी भांडू नका. श्वास नुसता हळू सोडा. मी कुठं जात नाय."

आणि मी बसून राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पळाले नाही. ते चढलं, इतकं चढलं की कानांत नगारे वाजायला लागले. मी मनात म्हणाले, गणराया, न्यायचं तर ने, मी आता हात जोडले. आणि ते उतरलं. कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी अंगारा लावला नाही, तरी उतरलं. समोर शिवनेरी जागेवर होता, खाली शेतं हिरवी होती, एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून आमच्याकडं बघत होती. मला जग नवं दिल्यासारखं वाटलं. अंगावर काटा आला.

बाई म्हणाल्या, "याला नाव आहे ताई. पॅनिक म्हणतात. बाहेरचं नाही, आणि नाटकही नाही. मनाचा आजार आहे, साध्या माणसांना होतो आणि बराही होतो." मंचरला पुण्याहून मनाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, त्यांचा पत्ता सांगितला. वर म्हणाल्या, "देवाकडं जाऊ नका असं नाही म्हणत मी. दोन्हीकडं जा." एवढ्यात हे पाणी घेऊन धापा टाकत आले. आम्ही तिघं वर गेलो. त्या चैत्यात गेल्या, आम्ही शेजारच्या लेण्यात गणपतीकडं. एकाच कातळात दोन्ही कोरलेलं. एकही खांब नसलेल्या त्या दगडी सभामंडपात उभी राहिले आणि वाटलं, एवढा डोंगर डोक्यावर तोलून धरणारा माझं काळीज नाही का धरणार? लेकीसाठी मागायला गेले होते, पण मागायचंच विसरले. नुसती रडत होते, आणि त्या रडण्यात दुःख नव्हतं. बाहेर येऊन त्यांना शोधलं, तर त्यांची मंडळी उतरून गेली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं.

हे मला टेम्पोनंच मंचरला घेऊन गेले, डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "संकट आलं की शरीर आपल्याला पळायला तयार करतं. तुमच्या बाबतीत ते संकट नसतानाच तयार होतंय. बरेच दिवस असं राहिल्यानं मनही खचलंय." गोळ्या सुरू केल्या, गुण यायला काही आठवडे लागतील हेही सांगितलं. आणि रोज थोडं थोडं बाहेर पडायला लावलं. आधी बाजारापर्यंत, मग एसटीत नुसतं बसून पुढच्या थांब्यावर उतरायचं, मग कळंबपर्यंत. काही दिवस रडत परत आले. पण भीती आली तरी उतरते, हे मी लेण्याद्रीवर अंगानं पाहिलं होतं. ते कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं.

दिवस भरत आले की सुनीताकडं जाऊन राहायचं ठरवलं होतं, पण तिला त्याआधीच मंचरच्या दवाखान्यात हलवल्याचा निरोप आला तेव्हा हे वाशीला होते. वाट बघायला वेळ नव्हता. मी एकटीच एसटीत बसले. घोड नदीच्या पुलाच्या अलीकडं काळीज उसळलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय व्हतंय का?" मी म्हणाले, "व्हतंय. जाईल." आणि गणपतीचं नाव घेत बसून राहिले. पूल सरला, मंचर आलं.

सुनीता थकून पडली होती. मला दारात बघून उठायला गेली. "आई, एकटी आलीस?" मी तिला जवळ घेतलं. नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळलेली नात माझ्या हातात दिली. मी तिच्या छातीवर तळवा ठेवला आणि दचकले. किती भरभर धडधडत होतं ते! "एवढं जोरात?" मी घाबरून विचारलं. नर्सबाई हसल्या, "आजी, लहान बाळाचं असंच असतं. चांगलं आहे ते."

मी बघत राहिले. चिमणीएवढं काळीज एवढ्या वेगानं पळत होतं आणि पोर मात्र कुणाच्या हातात आहोत याची चौकशी न करता गाढ झोपली होती. देवाच्या हातात असं झोपता येतं, हे मला तिनं दाखवलं. मी डोळे मिटले, मनातल्या मनात त्या अनोळखी बाईंना आणि गिरिजात्मजाला एकदमच नमस्कार केला, आणि नात जागी होईपर्यंत तशीच बसले.