देवकीमावशीची पेन्शन

जोयड्याजवळच्या रोपवाटिकेत बायकांची हजेरी घ्यायची मी. तुळजाक्का म्हणतात मला, आणि फाटक्या तोंडाची म्हणूनही ओळखतात. तर अठ्ठ्याऐंशी साली देवकीमावशीचं भलं करायला गेले आणि माती खाल्ली.

मावशी साठीची, विधवा, मागं-पुढं कोण न्हाई. सुप्याच्या धरणात गाव गेलं तवा शेजारीपाजारी रामनगराकडं उठून गेले, ही मात्र वर रानात एकटीच राहिली. दिवसभर वाकून पिशव्यांत माती भरायची, कंबर पार मोडलेली. सरकारची विधवा पेन्शन मिळण्यासारखी होती, महिन्याला पन्नास रुपये, पण हजेरीपटावर नाव असलं की न्हाई. मजुरी महिन्याकाठी त्याहून थोडी जास्त पडायची, पण ती काम असेल त्याच दिवसांची. मी म्हटलं, घरबसल्या पैसे येत असतील तर कोण खुळी मरमर मरायला येईल? अर्ज मीच भरला, नाव मीच खोडलं.

दोन महिन्यांनी बघते तर म्हातारी शेडमध्ये पिशव्या भरत बसलेली.

"मजुरी नको गं. नुसती बसू दे."

"आणि कोण चौकशीला आलं तर? पेन्शन जाईल! ऊठ, घरी जा!"

"घरी कोन हाय? दोन दिवस कुणाशी बोलले न्हाई. काल कोंबडीला हाक मारली, तर घशातनं आवाजच येईना."

तरी मी चारचौघींत ओरडून तिला हाकललं. अजून लाज वाटते त्याची.

मावशीनं सरळ तालुक्याची बस धरली. कचेरीत म्हणाली, माझी पेन्शन बंद करा. कारकून हसायला लागला. "आज्जी, बंद करा म्हणत कोण येत न्हाई. माणूस मेलं की बंद होते."

"मग मेली म्हणून लिवा."

"तसं कसं? घरच्या कुणीतरी येऊन सही करायला लागते," त्यानं चेष्टेत म्हटलं.

संध्याकाळी मावशी माझ्या दारात. चेष्टा तिला कळलीच नव्हती. पदराची गाठ सोडत, बांधत उभी राहिली.

"तुळजा, एक काम हाय. माझी घरची होशील? सहीपुरती."

मला रडूच कोसळलं. अगं बाई, हे काय मागणं झालं?

सकाळी मी हजेरीपट उघडला आणि तिचं नाव परत घातलं. पेन्शन आपोआप थांबली. बायका म्हणाल्या, "तुळजाक्का, म्हातारीचे पन्नास रुपये घालवलेस की!"

व्हय, घालवले.