स्वागताचा घागरा

कॉलेजात तपासणी समिती येणार असली की स्वागताला बंजारा तांड्यावरची मुलगी लागायची, तीही पारंपरिक वेशात. मी शिकत होते तेव्हा ती मुलगी मी होते. आमच्या घरी आरशांचा घागरा कुणीच घालत नव्हतं, म्हणून कॉलेजनं तो नाटकाचे कपडे देणाऱ्या दुकानातून भाड्यानं आणला. तो फोटो समान संधी केंद्राच्या भिंतीवर अजून आहे. खाली नाव नाही.

आता मी तिथंच रसायनशास्त्र शिकवते. त्या केंद्राची प्रमुखही मीच. परवा प्राचार्य म्हणाले, "मॅडम, औंदा पोरी नाही म्हणून राह्यल्या. तुम्हीच घालता का घागरा?"

मी राग यायची थोडी वाट पाहिली. मग कमरेचं माप सांगितलं.