सोळाशेचा आकडा

मुलीने संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हे बरोबरच आहे. एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून रॅमच्या पट्टीवर वेग बत्तीसशे लिहितात. हा प्रोग्रॅम नुसते ठोके मोजतो, म्हणून सोळाशे."

चार महिन्यांपूर्वी हाच आकडा पाहून मी रॅम बसवून देणाऱ्या दुकानदारांकडे तणतणत गेलो होतो. ते बोलताना अडखळायचे.

"बत्तीसशेची सांगून सोळाशेची घातलीत. लोकांना फसवता?" भरल्या दुकानात मी ओरडलो.

"सर, ते... दु... दुप्पट..." शब्द अडकला तसा त्यांनी कागद ओढला, काही लिहून दाखवायला. मी तो कागद बाजूला सारला. दोन गिऱ्हाइकं काही न घेताच निघून गेली. ते पाहून मला बरंच वाटलं होतं.

माणसाला खोटं ठरवायला किती थोडा वेळ पुरतो! खऱ्या माणसाला एक वाक्य पुरं करायला लागतो, त्याहूनही थोडा.

संध्याकाळी माफी मागायला गेलो. शटर बंद होतं. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं. "ते गेले हो. महिना झाला. झोपेतच."

मी शटरच्या कुलपाकडे पाहिलं.

"काही काम होतं का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.